स्टेशनच्या छताची काच: नवी पेठेतली बायंडिंग शीट

एचओ, म्हणजे १:८७ मापाच्या मॉडेल रेल्वे स्टेशनच्या छताला काच हवी असेल, तर नवी पेठेतल्या झेरॉक्स-बायंडिंगच्या दुकानात जा. स्पायरल बायंडिंगला वरून लावतात ती पारदर्शक पीव्हीसी शीट सुटी मिळते. मालक गठ्ठा समोर ठेवतात, उजेडात धरून बिनओरखड्याची निवडू देतात. मला याचंच मोल जास्त. ए-४ ची लांबी २९७ मिलिमीटर, म्हणजे खऱ्या स्टेशनचे जवळपास २६ मीटर. पुढच्या शीटचा सांधा छताच्या कैचीवर, म्हणजे छत पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यावर घ्या, दिसत नाही.

फेविक्विक अजिबात नको. त्याच्या वाफेने कडेला पांढरट धुकं धरतं. पांढरा फेविकॉल सुकला की पारदर्शक होतो. पकड बेताची, पण छताला पुरते. शीट गुंडाळून घेऊ नका, पुठ्ठ्यात सपाट बांधून मागा.