कॅल्कमधील तारखांचा अक्ष: पावसाळाभराच्या वापरानंतर

लिब्रेऑफिस कॅल्क या स्प्रेडशीटच्या (तक्त्यांच्या) प्रोग्राममध्ये मी जूनपासून रोजच्या पावसाच्या नोंदींचे आलेख काढत आलो आहे. एवढ्या महिन्यांच्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की, आलेखातील तारखा विचित्र दिसू लागल्या की दोष बहुधा आलेखात नसतो, तो मागच्या कॉलममध्ये असतो.

कॅल्कच्या दृष्टीने तारीख म्हणजे 30 डिसेंबर 1899 पासून मोजलेल्या दिवसांचा आकडा. 1 जानेवारी 2024 हा दिवस आत 45292 असा साठवलेला असतो. नोंदी सीएसव्ही फाइलमधून (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमधून) आल्या आणि उघडताना भाषा अमेरिकन इंग्रजी राहिली, तर 01/07 हा 1 जुलै न राहता 7 जानेवारी होतो आणि कोकणात ऐन थंडीत धो धो पाऊस पडल्याचे आलेख सांगतो. 13/07 ला मात्र तेरावा महिना सापडत नाही, म्हणून तो सेल निव्वळ मजकूर म्हणून पडून राहतो. असे मजकुराचे सेल मिसळलेले असले की अक्षाचा प्रकार ‘ऑटो’वर असूनही कॅल्क तारखांचा अक्ष घेत नाही. कंट्रोल आणि एफ8 दाबल्यास आकडे निळे व मजकूर काळा दिसतो, त्यामुळे खोट्या तारखा लगेच ओळखू येतात. दिवस-महिना उलटलेल्या तारखा मात्र निळ्याच दिसतात. म्हणून फाइल पुन्हा उघडून, आयातीच्या खिडकीतच त्या कॉलमचा प्रकार ‘डेट (डीएमवाय)’ असा निवडणे हा खात्रीचा उपाय आहे. सगळाच कॉलम मजकूर असेल, तर ‘टेक्स्ट टू कॉलम्स’मधून हेच काम होते.

कॉलम शुद्ध झाल्यावर खरा प्रश्न उरतो तो अक्षाचा प्रकार ‘टेक्स्ट’ ठेवावा की ‘डेट’ हा. मी पाऊस पडलेल्या दिवसांचीच नोंद ठेवतो. त्यामुळे ‘टेक्स्ट’ अक्षावर ऑगस्टअखेरच्या सरीला ऑक्टोबरमधली परतीच्या पावसाची सर चिकटून उभी राहते आणि मधली उघडीप आलेखातून नाहीशी होते. ‘डेट’ अक्ष त्या कोरड्या दिवसांना त्यांची जागा देतो. शेतीसाठी उघडीप किती लांबली हे पाहणे पावसाच्या एकूण आकड्याइतकेच महत्त्वाचे असल्याने, माझ्या मते ही सोय कॅल्कच्या आलेखांतील सर्वांत उपयुक्त आहे. स्तंभ बारीक होतात, ते चालवून घ्यावे लागते. ‘रिझोल्यूशन’ (अक्षावरचे सर्वांत लहान कालमाप) महिन्यावर नेल्याने महिन्याची बेरीज होत नाही. ती पिव्हट टेबलमध्ये (नोंदींचे गट करून बेरीज देणाऱ्या तक्त्यात) वेगळी करावी लागते.

अक्षावर केवळ ‘दिवस महिना’ हवा असेल, तर ‘नंबर्स’ टॅबमधील ‘सोर्स फॉरमॅट’ची खूण काढून डी एमएमएम हा संकेत द्यावा, एरवी सेलचे फॉरमॅट बदलले की अक्षावरचेही बदलते.

एक्सवाय स्कॅटर आलेखात (दोन्ही अक्षांवर आकडे घेऊन बिंदू मांडणाऱ्या आलेखात) ‘डेट’ हा प्रकारच मिळत नाही. तिथे अक्ष शुद्ध आकड्यांचा असतो आणि खुणांमधले अंतर दिवसांत द्यावे लागते. 1 जूनपासून 30 दिवसांचे अंतर दिले, तर खुणा 1 जुलै, 31 जुलै, 30 ऑगस्ट, 29 सप्टेंबर अशा घसरत जातात. महिन्याच्या पहिल्या तारखेलाच खूण हवी असल्यास रेषालेख किंवा स्तंभालेख घ्यावा आणि मुख्य अंतर एक महिना ठेवावे. दिवसातील वेळेसह घेतलेल्या वाचनांसाठी मात्र मी स्कॅटरच वापरतो, कारण तारखांचा अक्ष दिवसाहून बारीक जात नाही.