एअरफ्लोचं ‘डीबी क्लीन’: आधी डिस्क भरते, मग रिकामी होते

एअरफ्लो म्हणजे डेटाची कामं (टास्क) ठरलेल्या वेळी, क्रमाने चालवणारं साधन. त्याच्या स्वतःच्या नोंदी राहतात त्या मेटाडेटा डेटाबेसची ओळ क्लाउडच्या बिलात बघितली आणि डोकं तापलं. ज्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये कंपनीच्या धंद्याचा एकही आकडा नाही, फक्त कुठला टास्क कधी चालला आणि कधी पडला एवढंच आहे, त्याच्या स्टोरेजला आम्ही रिपोर्टिंग डेटाबेसच्या तोडीचे पैसे मोजत होतो. तेव्हापासून ‘एअरफ्लो डीबी क्लीन’ ही जुन्या नोंदी साफ करणारी कमांड क्रॉनला (ठरलेल्या वेळी कमांड चालवणारी सर्व्हरची सोय) लावून वापरतेय. बरेच महिने झाले, आता नीट लिहिता येईल.

२०१४ मध्ये एअरबीएनबीत सुरू झालेल्या एअरफ्लोला ही कमांड मिळाली २०२२ साली, २.३ मध्ये. तोवर लोक गिटहबवरचे मेंटेनन्स डॅग (डॅग म्हणजे एअरफ्लोमधली टास्कची साखळी) उचलून चालवायचे, आमच्याकडेही तेच होतं. त्या मानाने ही कमांड खूपच शहाणी आहे. तारीख द्या, त्याआधीच्या नोंदी जातात. ड्राय रन आहे, म्हणजे हात लावण्याआधी कुठल्या टेबलातल्या किती ओळी जाणार ते दिसतं. आणि प्रत्येक डॅगचा शेवटचा शेड्यूल्ड रन ती ठेवून देते, तो कितीही जुना असला तरी. हे फार महत्त्वाचं आहे. शेड्युलर (रन वेळेवर सुरू करणारा एअरफ्लोचा भाग) पुढचा रन कधीचा ते मागच्या रनवरून ठरवतो. तो रनच उडाला आणि कॅचअप (राहिलेले जुने रन भरून काढायची सोय) चालू असेल तर डॅग पार स्टार्ट डेटपासून पुन्हा पळायला लागेल. हाताने डिलीट क्वेरी लिहिणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

आता माझं मुख्य दुखणं. ही कमांड मुळात डिलीट करतच नाही. जुन्या ओळी आधी ‘एअरफ्लो डिलीटेड’ नावाने सुरू होणाऱ्या नव्या टेबलात कॉपी करते, मग मूळ टेबलातून काढते. नवं टेबल त्याच डेटाबेसमध्ये, त्याच डिस्कवर. फेकून द्या म्हटलेलं सामान माळ्यावर चढवून ठेवण्यातला प्रकार. दर वेळी कमांड चालली की प्रत्येक टेबलामागे नवं आर्काइव्ह टेबल, नावाच्या शेवटी चौदा आकडी तारीख-वेळ. टेबलांच्या साइझची क्वेरी मारली तेव्हा वरच्या सगळ्या ओळींत ही शेपटीवाली नावंच होती. खरी ‘टास्क इन्स्टन्स’ (टास्कच्या रनच्या नोंदी) आणि ‘एक्सकॉम’ (टास्क एकमेकांना देतात तो डेटा) त्यांच्या खाली.

कमांडला ‘स्किप आर्काइव्ह’ हा पर्याय दिला की सुटलो, असं बरेच जण सांगतात. पूर्ण सुटत नाही. मी सोर्स कोड उघडून बघितला: तो पर्याय दिला तरी कॉपीचं टेबल आधी बनतंच, डिलीट झाल्यावर ते ड्रॉप होतं, इतकाच फरक. म्हणजे काही वर्षांचा साठा एका दमात काढायला गेलात तर तेवढी जागा मधल्या वेळात लागणारच. आणि काम अर्ध्यात तुटलं तर ते टेबल तसंच पडून राहू शकतं. मग ते काढायला ‘ड्रॉप आर्काइव्ह्ड’ ही कमांड वेगळी चालवावी लागते. त्यामुळे पहिली सफाई सगळ्यात जुन्या महिन्यापासून, एकेक महिना पुढे सरकत करा.

आमच्याकडे हे सांगायला कोणी नव्हतं. डेटाबेस ज्या क्लाउडवर आहे तिथे स्टोरेज आपोआप वाढायची सोय चालू होती. सफाईच्या रात्री जागा कमी पडली आणि डिस्क वाढली. नोंदी गेल्या, बिल चढलं. सपोर्टशी भांडले. उत्तर एकच: ‘मॅडम, वाढवलेलं स्टोरेज कमी करता येत नाही, नवीन इन्स्टन्स घ्या.’ वाढवताना कोणाला विचारत नाहीत, कमी करायचं म्हटलं की नवीन घ्या! तिकीट तीनदा वरच्या माणसाकडे पाठवूनही तेच.

पोस्टग्रेसचा स्वभावही इथे आड येतो. डिलीट केलेल्या ओळींची जागा ऑटोव्हॅक्यूम (त्याचा आपोआप चालणारा सफाईवाला) पुढच्या ओळींसाठी मोकळी करतो, ऑपरेटिंग सिस्टिमला बहुतेक वेळा परत देत नाही. ‘व्हॅक्यूम फुल’ देतो, पण तोवर टेबलाला पूर्ण लॉक, आणि टेबलाची नवी प्रत बनवायला पुन्हा जागा हवीच. शेवटी एका रविवारी शेड्युलर बंद करून डंप (डेटाबेसची बाहेर काढलेली प्रत) घेतला, लहान डिस्कच्या नव्या इन्स्टन्सवर (डेटाबेस सर्व्हरवर) रिस्टोअर केला. डंपमध्ये मोकळ्या जागा येत नाहीत, त्यामुळे डेटाबेस एकदम आटोपशीर झाला. पैसे त्या दिवशी वाचले. त्याचं निम्मं श्रेय कमांडला, निम्मं त्या रविवारी घरचं जेवण सोडून सोबत बसलेल्या आमच्या डीबीए (डेटाबेस सांभाळणाऱ्या) दादांना.

इथपर्यंत माझं ठाम मत होतं की आर्काइव्ह हा डिफॉल्ट असणंच चुकीचं आहे. मग एका क्लायंटने विचारलं की अमुक तारखेचा टास्क हाताने क्लिअर (म्हणजे पुन्हा चालायला मोकळा) कोणी केला होता. ही नोंद ‘लॉग’ टेबलात असते: कोणी ट्रिगर केलं, कोणी पॉज केलं, सगळं. मूळ टेबलातून ती कधीच गेली होती, आर्काइव्हमध्ये मात्र सापडली. तेव्हा मत बदललं, पण फक्त ‘लॉग’पुरतं. आता टेबलं निवडून दोन वेगळे जॉब लावलेत. ‘लॉग’ आर्काइव्ह होतो, ‘एक्सपोर्ट आर्काइव्ह्ड’ने सीएसव्ही निघून स्वस्त स्टोरेजवर जाते, आणि त्याच कमांडला ‘ड्रॉप आर्काइव्ह्ज’ जोडल्यामुळे टेबलही जातं. बाकीच्यांना ‘स्किप आर्काइव्ह’. ‘एक्सकॉम’ ३० दिवस, इतर ९०. आमच्याकडे एक्सकॉममध्ये अख्खे जेसन (डेटाचे मोठे तुकडे) टाकायची सवय लोकांना आहे, म्हणून ते आधी.

लावणाऱ्यांसाठी आणखी थोडं. ‘येस’ हा पर्याय द्यायला विसरू नका, नाहीतर कमांड खात्रीची ओळ टाइप करायला सांगते आणि क्रॉनमध्ये ती टाइप करायला कोणी नसतं. तारखेसोबत टाइमझोन लिहा. डिस्कवरच्या लॉग फायलींना ही कमांड हात लावत नाही, त्यांची सोय वेगळी करा. आणि सफाई डॅगमध्ये बसवू नका, बाहेरच्या क्रॉनमध्ये ठेवा: एअरफ्लो ३ मध्ये टास्कला मेटाडेटा डेटाबेसकडे थेट जाता येत नाही, त्यामुळे बॅश टास्कमधून (कमांड चालवणाऱ्या टास्कमधून) चालणारे जुने सफाई डॅग अपग्रेडनंतर बंद पडतात. आमचा क्रॉन पहिल्यापासून बाहेर होता, त्यामुळे चाचणीच्या सेटअपवर ३ चढवलं तेव्हा सफाईच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळही बदलावी लागली नाही.