डायल ११२ : फोन उचलला जातो, गाडी कधी येते?

महाराष्ट्रात ११२, म्हणजे पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका या सगळ्यांसाठीचा एकच आपत्कालीन नंबर लावला की तो फोन तुमच्या पोलीस ठाण्यात वाजत नाही. तो जातो नवी मुंबईत महापेच्या मुख्य केंद्रात, नाहीतर नागपूरच्या दुसऱ्या केंद्रात. त्यामुळे 'मारुतीच्या देवळामागे या' म्हणून भागत नाही, आणि वडगाव तर जिल्ह्याजिल्ह्यात आहे. जिल्हा, तालुका, गाव, मग खूण, या क्रमाने सांगा. काय झालंय ते त्यानंतर.

पुढचा प्रवास असा : फोन घेणारा संगणकावर घटना नोंदवतो, ती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात जाते, तिथून जवळच्या गाडीतल्या एमडीटीवर, म्हणजे डॅशबोर्डजवळच्या टॅबवर कॉल पडतो. गाडीतले पोलीस तो स्वीकारतात, पोहोचल्याची नोंद करतात आणि काय कारवाई केली ते लिहून कॉल बंद करतात. जुन्या १०० नंबरच्या वहीपेक्षा हे कितीतरी बरं, कारण प्रत्येक टप्प्याची वेळ आपोआप नोंदली जाते. आराखड्याला आम्ही दहापैकी आठ गुण देऊ.

कच्चा दुवा आहे ठिकाण कळण्याचा. साध्या कॉलमध्ये मोबाइल कंपनीकडून येणारं ठिकाण टॉवरच्या आधारे काढलेलं असतं. शहरात टॉवर दाट, त्यामुळे फरक काही शे मीटरचा. घाटात किंवा माळावर तोच काही किलोमीटरवर जातो. '११२ इंडिया' ॲप जीपीएस पाठवतं, पण त्याला इंटरनेट लागतं आणि आधी नोंदणी करून ठेवावी लागते. कॉल करताच अँड्रॉइड फोनने स्वतःहून नेमकं ठिकाण पाठवावं, अशी गूगलची सोय उत्तर प्रदेशने डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या ११२ ला जोडली. देशात ते पहिलं राज्य. आपल्याकडे हीच मागणी सगळ्यात आधी लावून धरायला हवी.

पॅनिक बटणाचा, म्हणजे संकटात झटकन ११२ लावून देणाऱ्या फोनवरच्या बटणाचाही गोंधळ आहे. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी १ जानेवारी २०१७ पासून ते सक्तीचं केलं : साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचा, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण तीनदा पटापट दाबायचं. भारतात आयफोनला तीनदा चालतं, मात्र बऱ्याच नव्या अँड्रॉइड फोनवर पाचदा दाबावं लागतं. घरातल्या प्रत्येक फोनची 'इमर्जन्सी एसओएस' सेटिंग उघडून पाहा. चाचणीसाठी खरा कॉल मात्र लावू नका. कॉल तुटला तर केंद्रातून उलट फोन येतो, तेव्हा अनोळखी नंबर आपोआप ब्लॉक करणारं ॲप असेल तर तोच अडकेल.

छातीत दुखणं, अपघात, बाळंतपण असेल तर सरळ १०८ लावा. राज्यात ती सेवा जानेवारी २०१४ पासून ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, तिचं नियंत्रण केंद्र वेगळं, पुण्यात औंधला. ११२ वरून तिकडे कॉल वळवला जाईपर्यंत वेळ जातो, आणि सगळी हकिकत पुन्हा सांगायची वेळ येऊ शकते. एकच नंबर असं नाव असलं तरी व्यवहार अजून तसा नाही.

आता देखरेख, आणि इथे गुण चारच्या वर जात नाहीत. निर्भया निधीतून या योजनेला ३२१.६९ कोटी रुपये मंजूर झाले. नोव्हेंबर २०१८ मध्ये हिमाचल प्रदेशापासून सुरुवात झाली आणि पुढे सगळी ३६ राज्यं-केंद्रशासित प्रदेश जोडले गेले. सरकारी प्रगतीचा आकडा बहुतेक वेळा हाच असतो : किती राज्यं जोडली, किती कॉल घेतले. त्यानंतर येते 'सरासरी प्रतिसाद वेळ', जी फार लबाड असते. समजा नऊ ठिकाणी गाडी ६ मिनिटांत पोहोचली आणि दहाव्या ठिकाणी ६० मिनिटांत; सरासरी येते ११.४ मिनिटं. कागदावर उत्तम! दहाव्या घरातल्या बाईला त्या सरासरीचा काय उपयोग? म्हणून दहापैकी नऊ कॉलना गाडी किती मिनिटांच्या आत पोहोचली आणि उरलेल्या दहाव्याला किती वेळ लागला, हे दोन्ही आकडे तालुकावार मागायला हवेत.

पोहोचल्याची नोंद गाडीतलेच करत असतील तर ती लवकर किंवा उशिरा होण्याचा धोका राहतो, म्हणून तिचा मेळ गाडीच्या जीपीएसशी घालावा. कॉल बंद करतानाही पोलिसांच्या शेऱ्यावर न थांबता काही तक्रारदारांना फोन करून विचारावं, आणि तो फोन त्या ठाण्याबाहेरच्या माणसाने करावा. महापे बंद पडल्यास नागपूर भार पेलतं का, याची पूर्ण भारावर चाचणी घेऊन निकाल जाहीर करावा. कागदावरचं पर्यायी केंद्र ऐन वेळी कुचकामी ठरू शकतं.

तुमच्या कॉलचं काय झालं हे पाहायचं असेल तर घटनेचा क्रमांक विचारून घ्या, नसेल तर कॉलची तारीख-वेळ लिहून ठेवा. मग जिल्हा पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपये शुल्कासह माहिती अधिकाराचा अर्ज करा. 'कारवाईची माहिती द्यावी' असं मोघम लिहू नका. चार टप्प्यांची नेमकी वेळ मागा : कॉल घेतल्याची, गाडीला दिल्याची, पोहोचल्याची आणि बंद केल्याची. सोबत गाडीची त्या वेळची जीपीएस नोंदही मागा.