राफ्ट एल्म, तेरा महिन्यांनंतर: झाडाला पैकीच्या पैकी, ट्रेची भोकं मात्र बघून घ्या

सप्टेंबरात माझं एल्मचं बोन्साय मरता मरता वाचलं. ऊन लागलं नव्हतं, कीड पडली नव्हती, पाणी घालण्यातही चूक नव्हती. ट्रेला पाणी निघायची भोकं दोनच होती, आणि तीही मधोमध. बोन्सायवर लिहिणारी माणसं कात्री, तार, फांद्या यांवर पानंच्या पानं लिहितात, भोकांवर एक ओळ लिहीत नाहीत. म्हणून मी सविस्तर लिहिते आहे.

झाड घेतलं गेल्या वर्षी फेब्रुवारीत, पुण्याच्या एका नर्सरीतून. चायनीज एल्म, राफ्ट स्टाईल, सात खोडं, वय अठरा वर्षं असं सांगितलेलं. ट्रे २६ इंची, निळसर ग्लेझचा, जेमतेम अडीच इंच खोल. सगळं मिळून २२ हजार. आमचा टॉवेलचा आठ मागांचा कारखाना आहे. त्या महिन्यात एका मागाची दुरुस्ती पुढं ढकलून हे पैसे काढले होते, त्यामुळं खाली राग दिसला तर तो त्या पैशांचाही आहे.

राफ्ट म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहेच. एकच खोड आडवं निजवायचं, खालच्या अंगाची साल काढून तिथं मुळं फोडायची आणि वरच्या अंगाच्या फांद्या उभ्या खोडांसारख्या वाढवायच्या. जपानी लोक त्याला इकाडाबुकी म्हणतात. लांबून राई दिसते, पण सगळ्यांच्या पोटात जीव एकच. हेच मला आवडलं होतं.

पहिले दोन महिने मी थोडी नाराज होते, हेही सांगते. निजवलेलं मूळ खोड मातीच्या वर दोन बोटं दिसायचं, वाशासारखं सरळ. सातही खोडं त्यावर एका ओळीत, पंगतीला बसल्यासारखी. खोड झाकावं म्हणून मी शेवाळ लावलं. सोलापूरच्या एप्रिलमध्ये शेवाळ आठ दिवस टिकलं नाही, वाळून खपल्या निघाल्या. खपल्या काढताना खालची साल पहिल्यांदा नीट बघितली. एल्मची साल वयात आल्यावर पापुद्र्यांनी सुटते आणि आत नारिंगी-करडे ठिपके उघडे पडतात. जुन्या घराच्या भिंतीवरचे रंगांचे थर दिसावेत तसं. त्या दिवसापासून खोड झाकलेलं नाही. मी आधी ज्याला खोट म्हणत होते तेच या झाडाचं खरं वय आहे.

उन्हाळ्याची भीती वाटत होती, पण तो निभावला. पारा ४३ च्या वर गेला तेव्हा पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी, सकाळ-संध्याकाळ पाणी, आणि दुपारी ट्रेच्या भोवती ओला टॉवेल. कारखान्यातले सेकंडचे, म्हणजे खोट निघालेले टॉवेल असतातच. टेरीच्या लूपमध्ये पाणी धरून राहतं, ते उडत जातं तसा ट्रे गार राहतो. बोअरचं पाणी मात्र घालू नका. मे महिन्यात कोवळी पानं पिवळी पडली, शिरा हिरव्या राहिल्या आणि ट्रेच्या काठावर पांढरा क्षार बसला. नळाचं पाणी पिंपात साठवून घालायला लागले, तशी नवी पानं हिरवी आली.

आता सप्टेंबर. आपल्याकडं खरा पाऊस तेव्हाच पडतो. सलग पावसानंतर डावीकडच्या दोन खोडांची पानं पिवळी पडायला लागली. मे महिन्यासारखी कोवळी नव्हेत, जुनी पानं, शिरांसकट पिवळी, हात लावला की गळणारी. उरलेली पाच खोडं टवटवीत.

नर्सरीवाल्या दादांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, तुम्ही पाणी जास्त घालताय." म्हटलं, दादा, मी आठ दिवस पाणीच घातलेलं नाही. मग म्हणाले, "तुमच्याकडची हवाच या झाडाला मानवत नाही." उन्हाळा काढलेल्या झाडाला हवा मानवत नाही? तरी मी त्यांचं ऐकून पत्र्याखाली ट्रे हलवला. फरक पडला नाही. मग वाटलं गच्चीच्या उताराचा दोष असेल. गवंड्याकडून पाणसळ आणून ट्रे लेव्हलला ठेवला. तरी दुसऱ्या खोडाची गळ थांबेना, आणि पहिल्याचा शेंडा वाळला.

शेवटी झाड ट्रेमधून उचललं. डाव्या टोकाची मुळं काळी, बोटांत चिरडली की साल सुटून आतला दोरा हातात येत होता, वास गटारीसारखा. उजवीकडची मुळं पांढरी, कडक. मग रिकामा ट्रे घरातल्या शहाबादी फरशीवर पाणसळ लावून ठेवला आणि त्यात तांब्याभर पाणी ओतलं. दोन्ही टोकांना अर्ध्या पेराइतकं पाणी उभं राहिलं आणि भोकं कोरडी. ट्रे भट्टीत वाकला होता, तळ मध्ये फुगलेला, आणि त्या फुगवट्याच्या माथ्यावर भोकं. गच्चीवर उताराचं टोक डावीकडं होतं म्हणून डावीकडची मुळं आधी गेली, एवढंच.

उथळ ट्रेमध्ये हे जास्त घातक असतं. मातीच्या तळाशी जो ओला थर राहतो त्याची जाडी कुंडी खोल असो वा उथळ, तेवढीच असते. खोल कुंडीत वर कोरडी माती उरते. अडीच इंची ट्रेमध्ये तो थर मुळांच्या निम्म्या उंचीपर्यंत येतो. त्यात खाली पाणी तुंबलं तर मुळांना श्वासच नाही.

नर्सरीवाल्या दादांना व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं की ट्रेची गॅरंटी नसते, झाड पुण्याला आणा, नवा ट्रे ३२०० ला देतो. माणसाशी भांडण नाही, पण फुगवटा असलेल्या ट्रेला मधोमध भोकं पाडून विकायची आणि वर तोच बदलायला पैसे मागायचे, हे मला पटलेलं नाही. मी नवा ट्रे घेतला नाही. टाईल्स बसवणाऱ्याला बोलावलं. त्यानं डायमंडचा गोल बिट लावून, ठोका बंद ठेवून, सतत पाणी सोडत चार कोपऱ्यांत चार भोकं पाडली. १५० रुपये. ग्लेझला एक तडा नाही.

तोवर झाड भाजीच्या क्रेटमध्ये होतं. सडकी मुळं कापली, चाळलेले विटांचे बारीक तुकडे आणि जाड वाळू जास्त, कुजलेलं शेणखत थोडं, असं मिश्रण केलं. काळी माती चिमूटभरसुद्धा नाही. भोकांवर जाळी, आणि नव्या भोकांतून तार ओवून झाड ट्रेला बांधलं. राफ्ट बांधलंच पाहिजे. वाऱ्यात हललं की कोवळी मुळं तुटतात. पहिलं खोड अर्ध्यावर कापलं. एल्म जुन्या लाकडावरही डोळे फोडतो, त्या भरवशावर. ऑक्टोबरच्या मध्याला कापाच्या खाली तीन हिरवे ठिपके दिसले. मी कारखान्यात फोन करून सांगितलं.

वळण लावण्याच्या कामात या झाडाइतकं समजूतदार झाड मी पाहिलं नाही. कोंब पाच-सहा पानांचा झाला की दोन पानांवर कापायचा. शेवटचं पान ज्या बाजूला, नवा कोंब त्याच बाजूला निघतो. म्हणजे कात्रीनं दिशा ठरवता येते. टोकाच्या खोडांच्या फांद्या बाहेर, मधल्या खोडांच्या पुढं-मागं. पंगत मोडण्यासाठी तिसरं आणि पाचवं खोड तारेनं ओढून थोडं मागं नेलं, आणि लगेच खोली दिसायला लागली. तारेवर मात्र लक्ष ठेवा. पावसाळ्यात फांदी इतकी जोरात भरते की सात आठवड्यांत तार सालीत रुतली होती. तो वळ अजून आहे.

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला घरी पाहुणे येतात. यात्रेत सात नंदीध्वजांच्या उंच काठ्या मिरवतात. जानेवारीत अक्षता सोहळ्याच्या आदल्या दिवशी मी झाडाची सगळी पानं हातानं काढली. आपल्याकडची थंडी सगळी पानं गाळण्याइतकी कडक नसते, आणि बारीक फांद्यांचं काम पानांमागं झाकून जातं. ट्रेचा क्षार व्हिनेगरनं पुसला, सागवानी पाट ठेवला, मागं भिंत मोकळी, शेजारी वाटीएवढ्या कुंडीत गवत. सर्वात उंच खोड मधोमध येणार नाही असा ट्रे फिरवला. तीन दिवस हॉलमध्ये, चौथ्या दिवशी सकाळी गच्चीवर. त्यापेक्षा जास्त आत ठेवू नका.

आत्या समोर बसून बराच वेळ बघत होत्या. मग खोडं मोजली आणि म्हणाल्या, "अगं, हे तर सात नंदीध्वज." आणि हात जोडले. सातांतलं ते पहिलं खोड वाचवलं याचं मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

घ्यायचं असेल तर घ्या, २२ हजार मला जड वाटत नाहीत. फक्त नर्सरीत उभ्या उभ्या ट्रेखाली हात घालून भोकं मोजा, टोकांना आहेत का बघा, आणि विकणाऱ्यासमोर पाणी ओतून ते कुठून बाहेर पडतं ते बघा.

सध्या रस्त्यावर वावळाच्या पापड्या उडताहेत, तोही एल्मच्याच कुळातला, आणि गच्चीवर माझ्या झाडाला कोंब आलेत. पहिल्या खोडाच्या तीन कोंबांतला एकच शेंडा म्हणून ठेवायचा आहे. मधला जोमदार आहे, पण सरळ वर चाललाय. डावीकडं झुकलेला बारीक आहे. मी बारीकच ठेवणार आहे.