गुडघेदुखीच्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्यावर: व्यायाम, इंजेक्शन की ऑपरेशन?

आईच्या उशाशी स्टीलचा एक डबा असायचा. सकाळच्या गोळ्या, रात्रीच्या गोळ्या आणि 'फारच दुखलं तर' घ्यायच्या गोळ्या. सुरुवातीला एका गोळीत तिचा दिवस निघायचा. दोन वर्षांनी दोन घेऊनही ती जिना कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरायची, आणि डब्यात ॲसिडिटीच्या गोळीची भर पडलेली असायची. डॉक्टर बदलला की गोळीचा रंग बदलायचा, दुखणं तेच राहायचं.

आज तिचा डावा गुडघा बदललेला आहे आणि उजवा तिचा स्वतःचा आहे. दोन्ही निर्णयांच्या वेळी मी सोबत होते. तुम्ही आज त्या जागी असाल, स्वतःसाठी किंवा आईवडिलांसाठी, तर जे जे पर्याय समोर येतात ते शेजारी शेजारी ठेवून बघूया.

आधी एक खात्री

गोळी लागू पडत नाही याचं कारण कधी कधी असं असतं की दुखणं वेगळंच आहे. सकाळी उठल्यावर तासभर बोटं वळत नाहीत, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजतात, असं असेल तर तो आमवात असू शकतो. त्यावर नुसत्या वेदनाशामक गोळ्या घेत बसलं तर तेवढ्या काळात सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात. त्याची औषधं वेगळी असतात आणि ती संधिवाततज्ज्ञ, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट देतात. मध्यरात्री पायाचा अंगठा आगीसारखा ठणकत असेल तर युरिक ॲसिड बघावं लागतं. चिकुनगुन्यानंतरची सांधेदुखी महिनोन् महिने रेंगाळते. खुब्याची झीज कधी कधी गुडघ्यात दुखते, आणि मग माणूस गुडघ्याचे एक्स-रे काढत राहतो. सांधा अचानक गरम, लाल झाला आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

इथून पुढचं सगळं वयानुसार होणाऱ्या गुडघ्याच्या झिजेबद्दल आहे, कारण आपल्या घरांत सगळ्यात जास्त तेच आढळतं.

गोळी का कमी पडते

गुडघ्याच्या झिजेवर पॅरासिटामॉलचा उपयोग फारच थोडा होतो, हे आता अनेक चाचण्यांतून दिसलं आहे. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत ती सरसकट देऊ नका असं स्पष्ट म्हटलं. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, एटोरिकॉक्सिब या गोळ्या सूज उतरवतात, म्हणून त्यांनी बरं वाटतं. पण झिजलेल्या गुडघ्याचं दुखणं फक्त सुजेचं नसतं. मांडीचा पुढचा स्नायू कमकुवत झालेला असतो, त्याने पेलायचा भार सांध्यावर येतो, वजनाचा ताण असतो, आणि वर्षानुवर्षं दुखत राहिल्याने नसाही जास्त हळव्या झालेल्या असतात. यातल्या स्नायू आणि वजन या दोन गोष्टींना गोळी हातही लावत नाही.

याच गोळ्या रक्तदाब वाढवतात, जठराला जखम करतात, मूत्रपिंडावर ताण आणतात. मधुमेह आणि बीपी असलेल्या सत्तरीच्या माणसाला हे परवडत नाही. सगळ्यात मोठी चूक आमच्याच घरी झाली होती. दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या नावांनी दिलेल्या दोन गोळ्या एकाच जातीच्या होत्या आणि आई दोन्ही घेत होती. वेष्टनामागचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा, किंवा केमिस्टकडून वाचून घ्या.

डोस वाढवण्याआधी डायक्लोफिनॅकचं जेल लावून बघायला हरकत नाही. 'नाइस'च्या सूचनांत गुडघ्यासाठी पहिली पसंती चोळायच्या औषधालाच आहे, कारण रक्तात फार थोडं जातं. ट्रामाडॉलसारख्या जड गोळ्यांनी वयस्कर माणसाला चक्कर येते, बद्धकोष्ठ होतं, आणि पडून खुबा मोडला तर गुडघ्याचं दुखणं किरकोळ वाटू लागतं. दुखणं अंगभर पसरलं असेल, झोप उडाली असेल, तर डुलॉक्सेटिनबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. ते नैराश्यावरचं औषध म्हणून ओळखलं जातं, पण हळव्या झालेल्या नसांवरही काम करतं.

व्यायाम आणि इंजेक्शन

बहुतेक घरांत खरी निवड या दोघांतच असते. इंजेक्शनला दहा मिनिटं लागतात, व्यायामाला रोजचा अर्धा तास. इंजेक्शनचा आराम आठवड्याच्या आत जाणवतो, व्यायामाचा सहा ते बारा आठवड्यांनी. म्हणून इंजेक्शन जिंकतं. पण पुढे काय होतं?

अमेरिकेत लष्करी रुग्णालयांतल्या १५६ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांना स्टेरॉइडचं इंजेक्शन, निम्म्यांना फिजिओथेरपी. वर्षभराने दोन्ही गट आधीपेक्षा बरे होते, पण फिजिओथेरपीवाल्यांचं दुखणं कमी होतं आणि हालचाल जास्त मोकळी होती. स्टेरॉइडचा आराम साधारण दोन ते दहा आठवडे टिकतो. २०१७ मधल्या आणखी एका चाचणीत दर तीन महिन्यांनी, असं दोन वर्षं इंजेक्शन दिलं, तेव्हा नुसत्या सलाइनच्या तुलनेत दुखण्यात फरक पडला नाही आणि कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरचं गुळगुळीत आवरण, मात्र अधिक झिजली. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते, आणि ऑपरेशन ठरलेलं असेल तर त्याआधीच्या तीन महिन्यांत इंजेक्शन टाळतात, जंतुसंसर्गाच्या भीतीने.

तरीही स्टेरॉइडला मी पूर्ण नाही म्हणणार नाही. गुडघा सुजून टम्म झालाय, पाऊल टेकवत नाही, अशा वेळी एका इंजेक्शनने मिळालेल्या महिनाभरात व्यायाम सुरू करता येतो. आईच्या उजव्या गुडघ्याला आम्ही ते एकदाच दिलं, ते याचसाठी.

पीआरपीचा प्रकार वेगळा आहे. आपलंच रक्त काढून त्यातला प्लेटलेटवाला भाग गुडघ्यात सोडतात. 'कूर्चा पुन्हा तयार होते' असं एका ठिकाणी आम्हाला छातीठोकपणे सांगितलं आणि तीन इंजेक्शनांचं पॅकेज समोर ठेवलं. ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पीआरपी आणि मिठाचं पाणी यांत वर्षभरानंतर दुखण्यातही फरक दिसला नाही आणि कूर्चेतही नाही. वंगण म्हणून देतात ते हायलुरॉनिक ॲसिडचं इंजेक्शनही 'नाइस'ने देऊ नका म्हटलंय. यांवर खर्च करायचे पैसे मी चांगल्या फिजिओथेरपिस्टला देईन.

व्यायाम म्हणजे चालणं, असं पुष्कळांना वाटतं. चालणं चांगलंच, पण आधी मांडीचा स्नायू तयार हवा. आईचे प्रकार तीनच होते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच अंक मोजेपर्यंत दाबायची. उताणं झोपून पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. आणि उंच खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठायचं, बसायचं. पहिले तीन आठवडे ती रोज म्हणायची, "अगं, दुखऱ्या पायाला आणखी कशाला दमवतेस?" फिजिओथेरपिस्टने दिलेला नियम आम्हाला कामी आला: व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते रोजच्या पातळीवर यायला हवं. नाही आलं तर आकडा कमी करा, बंद करू नका. सातव्या आठवड्यात ती कठड्याला न धरता दोन पायऱ्या उतरली.

वजनाचं गणित साधं आहे. एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. आईचं चार किलोच कमी झालं, तेही संध्याकाळचं फरसाण आणि दुसऱ्या चहाची साखर सोडून. काठी धरायची ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. उकिडवं बसायचा संडास बदलून कमोड बसवला, त्याने जो फरक पडला तो कुठल्या गोळीने पडला नव्हता.

आयुर्वेद

निर्गुडीच्या किंवा साध्या तेलाने चोळून शेक घेतल्याने स्नायू सैल होतात, बरं वाटतं. जरूर करा, फक्त मधुमेहात पायांची संवेदना कमी असेल तर भाजणार नाही ना हे बघा. पोटातल्या औषधांबद्दल पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने झालेलं काम मला मोलाचं वाटतं. सुंठ, गुळवेल, शल्लकी, गुग्गुळ असलेल्या औषधांची त्यांनी ४४० रुग्णांवर २४ आठवडे चाचणी घेतली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या औषधांचा गुण सेलेकॉक्सिब ही सूज उतरवणारी गोळी आणि सांध्यांसाठी देतात ते ग्लुकोसामाइन यांच्या जवळपास होता, मात्र काही जणांत यकृताच्या तपासणीतले आकडे वाढले होते. म्हणजे नोंदणीकृत वैद्यांकडून घ्यावं, रक्ततपासणी करत घ्यावं, आणि आधीची औषधं सांगून घ्यावं.

नाव नसलेल्या पुड्या आणि गोळ्या मात्र घरात आणू नका. चार दिवसांत जादू झाल्यासारखा गुण आला तर त्यात स्टेरॉइड असण्याची दाट शंका घ्यावी. आमच्या नात्यातल्या एक काकू अशा पुड्यांवर वर्षभर होत्या. चेहरा सुजला, साखर चढली, हाडं ठिसूळ झाली. त्या एकदम बंद करणंही धोक्याचं असतं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू सोडवाव्या लागल्या.

ऑपरेशन

दुर्बिणीतून गुडघा 'साफ' करण्याच्या ऑपरेशनचा झिजेवर उपयोग नाही. अमेरिकेतल्या २००२ च्या चाचणीत १८० रुग्णांपैकी काहींना नुसता छेद देऊन टाके घातले होते, आणि त्यांचं दुखणं खरं ऑपरेशन झालेल्यांइतकंच राहिलं.

सांधा बदलणं हे खरं ऑपरेशन. व्यायामाशी त्याची थेट तुलना डेन्मार्कमध्ये झाली, २०१५ साली, शंभर रुग्णांवर. सगळ्यांना व्यायाम, आहार, शिक्षण दिलं; पन्नास जणांचा आधी सांधा बदलला. वर्षाअखेर ऑपरेशनवाल्यांची सुधारणा जवळजवळ दुप्पट होती. पण गंभीर त्रासही त्यांनाच जास्त झाले, २४ विरुद्ध ६. आणि ऑपरेशन न केलेल्या पन्नासांपैकी फक्त १३ जणांनी त्या वर्षात ते करून घेतलं. मला यातून दोन्ही गोष्टी खऱ्या दिसतात: ऑपरेशन ताकदीचं आहे, आणि बऱ्याच जणांना ते निदान लगेच लागत नाही.

बदललेले सुमारे ८० टक्के गुडघे पंचवीस वर्षं टिकतात. साधारण पाचातल्या एकाला मात्र नंतरही दुखत राहतं, हे ऑपरेशनआधी कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. आईच्या डाव्या गुडघ्याचे पहिले सहा आठवडे फार कठीण गेले. वाकवताना ती रडायची. तिसऱ्या महिन्यात रात्रीची झोप परत आली, आणि तिच्यासाठी सगळं त्यात आलं. जमिनीवर मांडी घालणं मात्र गेलं. आम्ही देव्हारा टेबलावर उचलून ठेवला, आता ती खुर्चीत बसून पूजा करते. पहिले काही दिवस तिला ते फार लागलं होतं.

खर्चाबद्दल एवढं माहीत असू द्या. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम सांध्यांच्या किमतीला मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची मर्यादा तेव्हा ५४,७२० रुपये होती, कर वेगळा. बिलातली बाकी रक्कम खोली, भूल, सर्जन, औषधं यांची असते, म्हणून सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. महात्मा फुले योजनेत तुमची केस बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला आधी विचारा. झीज गुडघ्याच्या एकाच बाजूला असेल तर अर्धाच सांधा बदलता येतो का, हाही प्रश्न सर्जनला विचारण्यासारखा आहे.

मग कुणी काय निवडावं

जिना अवघड जातोय पण रात्री झोप लागते आणि बाजारापर्यंत जाता येतं, तर तीन महिने नेटाने व्यायाम, जेल, वजन, कमोड. एक्स-रे वाईट दिसतो एवढ्यावरून घाबरू नका, एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ बरेचदा बसत नाही. ऑपरेशन झेपणार नाही असं हृदय असेल तर पेन क्लिनिकमध्ये नसा निष्क्रिय करण्याच्या रेडिओफ्रिक्वेन्सी उपचाराची चौकशी करा, त्याचा आराम काही महिने मिळू शकतो. आणि सगळं मनापासून करूनही रात्री दुखण्याने जाग येत असेल, माणूस घराबाहेर पडेनासा झाला असेल, तर ऑपरेशन वर्षानुवर्षं पुढे ढकलू नका. स्नायू पार वाळल्यावर केलेल्या ऑपरेशननंतर उठून चालायला जास्त वेळ लागतो.

उजव्या गुडघ्याबद्दल आई आणि मी कागदावर तीन गोष्टी लिहून फ्रिजवर लावल्या आहेत: जिना, रात्रीची झोप, भाजी मंडईपर्यंतचं चालणं. तिन्हींपैकी दोन गेल्या की सर्जनकडे जायचं. सध्या फक्त जिना अवघड आहे.