रेशनबुकं भारी, माहितीपत्रकात मात्र चूक (३ स्टार)

लेकाला शाळेत दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधली साधी माणसं कशी जगली यावर प्रोजेक्ट होतं म्हणून हा नकली कागदपत्रांचा सेट ऑनलाइन मागवला. आत तीन रेशनबुकं, ओळखपत्र, ब्लॅकआउटचं पोस्टर, एक माहितीपत्रक आणि गॅस मास्कचा पुठ्ठ्याचा डबा, म्हणजे नुसता डबाच हां, मास्क नाही, फोटो बघून वाटतं आत काहीतरी असेल.

पण रेशनबुकं खरंच मस्त! मोठ्यांचं मातकट रंगाचं, ५ ते १६ वयाच्या पोरांचं निळं आणि गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि ५ वर्षांखालची बाळं यांचं हिरवं. हिरवंवाल्यांना फळं आली की आधी मिळायची, रोज एक पाइंट (अर्ध्या लिटरपेक्षा थोडं जास्त) दूध, अंडी दुप्पट. लेकाचा पहिला प्रश्न, "आई, मग बाबांनी हिरवं ढापलं तर?" आतल्या पानावर दुकानदाराचं नाव लिहायची जागा आहे कारण तेव्हा एका दुकानात नाव नोंदवायचं आणि आपला कोटा तिथूनच घ्यायचा, म्हणजे त्या माणसाशी वाकडं घेऊन चालणारच नाही.

मग आम्ही वजनकाटा काढला आणि एका माणसाचा आठवड्याचा कोटा ताटात मांडला. लोणी ५७ ग्रॅम, चहा ५७ ग्रॅम, साखर २२७ ग्रॅम (हे आकडे मधेमधे कमीजास्त व्हायचे), आणि अंडं एक, तेही आलं तर, नाहीतर अंड्याची पावडर, १२ अंड्यांच्या बरोबरीचं एक पाकीट चार आठवड्यांना. चहाची ती एवढीशी ढिगली बघून नवरा गप्पच झाला, आमच्याकडे तेवढा दोन दिवसही पुरत नाही.

आता तक्रार. माहितीपत्रकात चक्क लिहिलंय की युद्धाच्या काळात ब्रेडवर रेशन होतं. अहो नव्हतं! १९४० च्या जानेवारीत बेकन, लोणी, साखरेपासून रेशन सुरू झालं पण ब्रेडवर ते आलं जुलै १९४६ मध्ये, युद्ध जिंकून झाल्यावर, आणि दोन वर्षं चाललं. मटणाचं रेशन तर जुलै १९५४ पर्यंत होतं. शाळेसाठी विकताय तर एवढं तपासा की. कपड्यांचं कुपनबुक पण नाही, जून १९४१ पासून वर्षाला ६६ कुपनं आणि पुरुषाच्या एका ओव्हरकोटला त्यातली १६ जायची, हे पोरांना हिशोबाला किती छान झालं असतं.

कागद पण फार चकचकीत, पेनने नाव लिहिलं की फिसकटतं, पेन्सिल वापरा.

विक्रेत्याला मेसेज टाकलाय, अजून उत्तर नाही. तोवर माहितीपत्रकावर मीच काट मारून दिलीय आणि लेकाला सांगितलंय की बाईंनी विचारलं तर १९४६ सांग.