नाव नाही, निकाल नाही, तरीही स्वॅब द्यावा असं टेबल : अमेरिकी विमानतळांवरच्या करोना-पाहणीचं परीक्षण

मुलाकडे किंवा मुलीकडे निघालेले आपल्याकडचे आईवडील न्यूअर्कला किंवा जेएफकेला उतरतात. इमिग्रेशनची रांग संपते, बॅगा हाती लागतात आणि बाहेर पडायच्या वाटेवर एक टेबल दिसतं. नाकाचा नमुना द्याल का, असं तिथे विचारतात. पंधरा-सोळा तासांच्या प्रवासानंतर बहुतेक जण ‘नको’ म्हणून ट्रॉली पुढे ढकलतात. हे टेबल नेमकं काय करतं आणि ते कुठे कमी पडतं, हे माहीत असलं तर थांबायचं की नाही ते ठरवणं सोपं जाईल.

सेवेचं नाव ‘ट्रॅव्हलर-बेस्ड जिनोमिक सर्व्हेलन्स’, म्हणजे प्रवाशांच्या नमुन्यांतून विषाणूच्या नव्या रूपांवर पाळत. सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने गिंको बायोवर्क्स आणि एक्सप्रेसचेक या खासगी कंपन्यांच्या साथीने सप्टेंबर 2021 मध्ये ती सुरू केली. जेएफके, न्यूअर्क आणि सॅन फ्रान्सिस्को हे पहिले तीन विमानतळ होते, आणि सुरुवात झाली ती भारतातून येणाऱ्या प्रवाशांपासून. डेल्टाचा तो काळ होता. नोव्हेंबरच्या शेवटी ओमायक्रॉन जाहीर होताच अटलांटाची भर पडली आणि दक्षिण आफ्रिकेसह इतर देशही यादीत आले. डिसेंबर 2022 मध्ये चीनमधली लाट वाढली तेव्हा लॉस एंजेलिस आणि सिअ‍ॅटल जोडले गेले. वॉशिंग्टनचं डलेस आधीच आलं होतं, त्यामुळे विमानतळांची संख्या सातवर गेली.

काम साधं आहे. वय 18 पूर्ण हवं. संमती द्यायची, एक छोटी प्रश्नावली भरायची : कुठून आलात, वाटेत कुठे थांबलात, लस घेतली आहे का, आधी करोना झाला होता का. मग स्वॅब स्वतःच घ्यायचा. घशापर्यंत काडी घालणारा तो जुना जीवघेणा प्रकार इथे नाही. काडीचं टोक नाकपुडीत दीड-दोन सेंटीमीटरच आत न्यायचं, आतल्या भिंतीला टेकवून सावकाश गोल फिरवायचं आणि त्याच काडीने दुसरी नाकपुडी. नुसती काडी आत घालून लगेच बाहेर काढली तर टोकावर पेशी येत नाहीत आणि नमुना फुकट जातो. पैसे लागत नाहीत, नमुन्यावर नाव जात नाही.

खरी हुशारी पुढच्या पायरीत आहे. एकाच देशातून आलेल्या प्रवाशांच्या काड्या एकाच नळीत जातात. सुरुवातीच्या टप्प्यात एका नळीत 5 ते 25 काड्या असत. याला ‘पूल’ म्हणतात. पंचवीस जणांसाठी पंचवीस आरटी-पीसीआर करण्याऐवजी एकच. प्रयोगशाळेत पंचवीस जणांचं द्रव एकत्र मिसळलं, तर बाधित माणसाचा विषाणू पंचवीसपट पातळ होतो. काड्याच एका नळीत टाकल्या की सगळ्यांचा माल त्याच थोड्या द्रवात उतरतो आणि हे नुकसान बरंच टळतं.

पूल पॉझिटिव्ह आला की जिनोम सिक्वेन्सिंग. विषाणूची सुमारे 29,900 अक्षरं वाचायची आणि कुठला उपप्रकार आहे ते ठरवायचं. अडचणी इथे सुरू होतात. विषाणू फारच कमी असेल तर जिनोमचे तुकडे गळतात. ज्या ठिकाणी प्रायमर (वाचनाची सुरुवात करून देणारा छोटा जनुकीय तुकडा) चिकटायचा तिथेच नवं उत्परिवर्तन झालं असेल तर तो भाग वाचलाच जात नाही, म्हणून प्रायमर सतत बदलत ठेवावे लागतात. एका पुलात दोन वेगळे उपप्रकार आले तर अक्षरांची सरमिसळ होते आणि कुठलं उत्परिवर्तन कोणाचं हे सांगणं कठीण जातं. काही पीसीआर किटमध्ये विषाणूचं ‘एस’ जनुक दिसलं नाही की ओमायक्रॉनचा संशय घ्यायचा, ही झटपट युक्तीही बीए.1 सारख्या ओमायक्रॉनच्या काही उपप्रकारांपुरतीच चालली. बीए.2 मध्ये बहुतेक वेळा ते जनुक दिसतंच. पूर्ण वाचनाला पर्याय नाही.

आता कामगिरी. सप्टेंबर 2021 ते जानेवारी 2022 या पहिल्या टप्प्यात 16,149 प्रवासी सहभागी झाले, 1,454 पूल तपासले गेले आणि 221 पॉझिटिव्ह निघाले. म्हणजे 15 टक्के. हा आकडा अनेकदा चुकीचा वाचला जातो. 15 टक्के पूल बाधित होते, प्रवासी नव्हे. एका पुलात सरासरी अकराएक जण धरले तर बाधित प्रवाशांचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास येतं. एवढ्याशा जाळ्यातून बीए.2 ची वर्दी अमेरिकेतल्या इतर कुठल्याही नोंदीच्या 7 दिवस आधी मिळाली आणि बीए.3 ची 43 दिवस आधी. ऑगस्ट 2023 मध्ये बीए.2.86 च्या जगभरात मोजक्याच नोंदी असताना, वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावर जपानहून आलेल्या प्रवाशाच्या नमुन्यात तो सापडला. त्याच्याच वंशातला जेएन.1 पुढच्या हिवाळ्यात सगळीकडे पसरला. लस आणि औषधं त्याच्यावर चालतील का, हे तपासायला प्रयोगशाळांना मिळालेला प्रत्येक आठवडा मोलाचा असतो. या एका गोष्टीसाठी आम्ही या सेवेला वरचा दर्जा देतो.

उणीव मोठी आहे ती सहभागाची. पहिल्या टप्प्यात पात्र प्रवाशांपैकी दहातला एकच थांबला. आजारी, थकलेला, पुढचं विमान गाठायच्या घाईत असलेला माणूस टेबलाशी येत नाही. त्यामुळे ‘अमुक देशात इतकं प्रमाण’ असा निष्कर्ष या आकड्यांवरून काढू नये. नवं काय आलंय, एवढंच त्यांना विचारावं.

ही उणीव विमानाचं सांडपाणी भरून काढतं. ऑगस्ट-सप्टेंबर 2022 मध्ये जेएफकेवर ब्रिटन, नेदरलँड्स आणि फ्रान्सहून आलेल्या विमानांवर हा प्रयोग झाला. विमान लागलं की शौचालयाची टाकी उपसायला गाडी येते. तिची नळी विमानाच्या पोटाखालच्या झडपेला जोडतात. या जोडणीच्या मध्ये एक छोटं उपकरण बसवलं आणि वाहत्या पाण्यातून साधारण 1 लीटर नमुना बाजूला काढला. दर विमानामागे जास्तीची फक्त 3 मिनिटं गेली. तपासलेल्या 80 पैकी 65 नमुने पॉझिटिव्ह निघाले. कोणाला थांबवायला नको, कोणाची संमती मागायला नको.

पण याच्याही मर्यादा आहेत. कमी अंतराच्या विमानात शौचालयाचा वापरच थोडा होतो. टाकी पूर्ण रिकामी झाली नसेल तर मागच्या फेरीचा अंश उरतो. टाकीतलं निळं जंतुनाशक विषाणूची आरएनए खराब करू शकतं. आणि माणूस मुळात कुठून निघाला हे टाकी सांगत नाही. डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्रात सापडलेला पहिला ओमायक्रॉन रुग्ण केपटाऊनहून दुबई आणि दिल्लीमार्गे आला होता. त्याच्या शेवटच्या विमानाची टाकी तपासली असती तर नोंद दिल्लीच्या नावावर पडली असती. टेबलावरच्या प्रश्नावलीत केपटाऊन उतरलं असतं. म्हणून टेबल बंद करून फक्त टाक्या तपासाव्यात, हा सल्ला आम्हाला पटत नाही.

आपल्याकडे डिसेंबर 2022 पासून आंतरराष्ट्रीय विमानातल्या 2 टक्के प्रवाशांची आरटी-पीसीआर होत होती, पॉझिटिव्ह नमुने सिक्वेन्सिंगला जात. तिथे प्रवासी यंत्रणा निवडायची आणि निकाल नावानिशी कळायचा. नमुना असा निवडला की आकडे जास्त भरवशाचे येतात. पण रुग्णाला गाठून त्याची काळजी घेणं हा त्या पद्धतीचा हेतू, तो अमेरिकी टेबलाचा नाही.

नोव्हेंबर 2023 मध्ये जेएफके, सॅन फ्रान्सिस्को, बोस्टन आणि डलेस या चार ठिकाणी फ्लू आणि आरएसव्ही (श्वसनमार्गाचा एक विषाणू) धरून 30 हून अधिक जंतूंची तपासणी सुरू झाली. पायाभूत यंत्रणा तीच, उपयोग वाढला. हे योग्यच झालं.

थांबणार असाल तर प्रवासाचं मूळ गाव-देश नीट सांगा, ‘दुबईहून आलो’ एवढ्यावर भागवू नका. तुमचा स्वतःचा निकाल तुम्हाला इथून कळणार नाही. टेबलावर घरगुती चाचणीचा संच भेट म्हणून मिळाला तर तो बॅगेत जपून ठेवा, आणि दोन-चार दिवसांत घसा धरला किंवा कणकण वाटली तर नातवंडांना जवळ घेण्याआधी तो वापरा.